परदेशी मातीची बाटली

दुष्काळात माणसं बोलतात फार. कामधंदा थंड, नळाला पाणी नाही, टँकरची वाट बघत बसायचं, मग तोंड तरी किती वेळ बंद ठेवणार? आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये त्या उन्हाळ्यात पाण्याचा थेंब नव्हता, पण किस्से घागरी भरून!

उमरग्याकडच्या एका नव्या कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. लॅबमध्ये आम्ही तिघंच. कांबळे सर, त्यांच्या घराण्यातले पहिले एम.एस्सी. शिवाप्पा मामा, लॅब अटेंडंट, वयानं आम्हा दोघांचे वडील शोभतील असे. आणि मी.

सरांची पीएच.डी. चार वर्षं रखडली होती. औरंगाबादच्या गाईडसाहेबांचं पत्र आलं, ‘उन्हाळ्यात रिझल्ट दाखवा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द!’ सोबत परदेशाहून मागवलेल्या शुद्ध चिकणमातीची एक बाटली. सरांनी ती दागिन्यासारखी कपाटात ठेवली. किल्ली अर्थातच मामांकडं!

*

एकदा मामांनी विचारलं, “सर, ह्या मातीचं करायचं काय?”

“मामा, अमिनो आम्लं म्हणजे सुटे मणी. दोन-चार जोडले की पेप्टाइड, लांब माळ झाली की प्रोटीन. पण जोड बसताना मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. पाण्यातच बुडालेले असले तर तो निघणार कसा? मातीच्या कणावर ते शेजारी शेजारी चिकटतात, पाणी उडून जातं आणि जुळतात. जीव सुरू झाला तो असाच असेल, कुणी सांगावं!”

“म्हंजे सोसायटीची मिटिंगच की! मोकळ्या रानात समदे पांगत्यात. सतरंजी टाकली की खेटून बसत्यात, मग ठराव व्हतो.”

“अगदी बरोबर! माती म्हणजे सतरंजी.”

“आन् पानी उडून जायला पायजे?”

“हो.”

“मग काळजी सोडा सर. त्यात आपला जिल्हा पैला नंबर!”

*

प्रयोग चालायचा कॉलेजच्या पत्र्यावर. काचेच्या बश्यांत ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल. काहींत मातीसकट, काहींत मातीशिवाय. सकाळी चार थेंब पाणी घालायचं, दुपारपर्यंत खडखडीत वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पत्रा इतका तापायचा की सर दोन पायताणं एकावर एक घालून चढायचे!

गावात बातमी पसरली, सर पापड वाळवतात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कलावतीकाकू शिडीखाली हजर.

“सर, तुमी वर हायच, तर माझ्या कुरडयांकडं बी ध्यान द्या. कावळे लई माजलेत!”

सर भिडस्त. त्यांच्या प्रयोगाच्या वहीत माझ्या या डोळ्यांनी वाचलंय: ‘सकाळी नऊ, थेंब घातले. साडेदहा, कावळा हाकलला.’

*

मग तपासणी. बशीतला थेंब कागदावर ठेवायचा, कागदाचं टोक द्रावणात बुडवून तो थेंब वर चढू द्यायचा, नंतर औषध फवारून कागद गरम करायचा. अमिनो आम्ल असेल तिथं जांभळा डाग. जोडी जमली असेल तर तिचा डाग वेगळ्या जागी!

पहिलाच कागद गरम केला, तर एक नाही, नऊ डाग! सर ओरडले, “मामा, प्रोटीन!” मामांनी खडीसाखर आणली. तेवढ्यात सरांनी भिंग लावलं. डागांत रेषा होत्या. गोल गोल, बोटांच्या! घामातही अमिनो आम्लं असतात, आणि कागद हातमोजे न घालता मी कापला होता.

सरांनी माझा अंगठा धरून कागदाशेजारी ठेवला. “बी.एस्सी. झालास आणि शेवटी अंगठाबहाद्दरच!”

खडीसाखर मात्र आम्ही खाल्ली.

*

पुढच्या खेपेला मी मोजे घातले. मातीच्या बशीत जोडीचा डाग आला. पण मातीशिवायच्या बशीतही आला! मातीवाचून जमतंय म्हटल्यावर सरांची चार वर्षं पाण्यात.

बशी उलटीसुलटी करून बघत त्यांनी विचारलं, “मामा, बश्या कशानं धुतल्या?”

“धुवायला पानी कुठं हाय? कोरड्या मातीनं घासल्या.”

“म्हणजे बिनमातीच्या बशीतही माती होतीच! कुठल्या मातीनं?”

मामांनी कपाटाकडं बोट केलं. “लई मऊ माती, सर. काच आरशावानी निघती!”

“अहो, पण बाटली तर भरलेली आहे!”

“ती घासून घासूनच संपली व्हती. तुमी रागवताल म्हनून माझ्या रानातली वस्त्रगाळ करून भरली. झालं की म्हैनाभर.”

सरांना रंग गडद वाटला होता म्हणे. पत्र्यावरच्या उन्हानं असेल, असं समजून गप्प बसले होते!

आणि टेबलावर गाईडसाहेबांची तार. आठवड्यानं येतोय. दुसरी माती आणायला वेळ नव्हता. प्रयोगाच्या थेंबांसाठी राखून ठेवलेल्या डिस्टिल्ड वॉटरनं बश्या धुऊन, मामांच्या रानातल्या मातीवरच सर पुन्हा पत्र्यावर चढले.

*

साहेब आले. बिनमातीचा कागद बघितला, जोडीचा डाग नाही. मातीचा बघितला, ठसठशीत जांभळा डाग!

“बघा कांबळे! परदेशी मातीची गोष्टच वेगळी!” असं म्हणत त्यांनी रिपोर्टवर सही करायला पेन उघडलं.

मी सरांचा पाय दाबला. उपयोग शून्य.

“साहेब, सहीआधी सांगतो. ती माती संपली. ही शिवाप्पा मामांच्या रानातली आहे.”

पेन हवेतच. साहेबांनी बाटली उघडली, चिमूटभर माती चोळली, हुंगली, पुन्हा डागाकडं बघितलं. मग सही ठोकली!

“थिसिसच्या नावात ‘मराठवाड्यातली काळी माती’ घाला. आणि मामा, मला एक पोतं द्या.”

“पोतं कशाला, दोन गाड्या न्या की साहेब! फकस्त तुमची ती परदेशी बाटली आनखी एक धाडा.”

“आता ती कशाला?”

“बश्या घासायला तिच्यावानी दुसरी माती न्हाय!”