मागाच्या ठेक्यावर तपासणी

वडिलांना काचबिंदू निघाला तेव्हा मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "दर वेळी इथं रांगेत बसू नका. सात रस्ता चौकात चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट ताई आहेत. दर चार महिन्यांनी डोळ्यातला दाब आणि नजरेचा घेर त्या तपासतील, रिपोर्ट मला पाठवतील." वडिलांचं तोंड उतरलं. चष्मे विकणारी बाई काय डोळे बघणार! माझंही मत तेच होतं, आता उगाच शहाणपणा कशाला मिरवू.

शिवाय त्यांना आजारच मान्य नव्हता. सगळी उमर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागांवर गेलेली. टॉवेल उजेडात धरून तुटलेला धागा अजून बोटानं दाखवायचे. "बग, दिसतंय की सगळं!" आणि वळताना खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. समोरचं दिसत होतं, कडेचं चाललं होतं.

दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत मशिनवर हनुवटी टेकवायची आणि ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. वडील टकाटक दाबत सुटले. बाहेर मी खूश, म्हातारा पास! ताई मात्र कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी मशिन थांबवलं.

"मामा, माग चालवताय व्हय? ठिपका नसला तरी दाबताय की."

वडील ओशाळले. "अंधारात गप बसलं की हात आपोआप चालतो, ताई. काय करू?"

ताईंचे वडीलही मागावरचेच, म्हणून तो ठेका त्यांनी ओळखला. त्यांनी मला आत बोलावून वडिलांचा रिकामा हात धरून बसायला सांगितलं, ठेका सुरू झाला की हलकेच दाबायचा. या खेपेला बटण बराच वेळ वाजलंच नाही. कडेचे ठिपके वडिलांना दिसतच नव्हते. ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. गेलेली नजर परत आली नाही, उरलेली टिकली. शेवटपर्यंत वडील टॉवेलातला धागा शोधून दाखवत होते.

आता ते नाहीत. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो म्हणून दरवर्षी मी त्या खोलीत बसतो. उभ्या जन्मात मी माग चालवला नाही, बँकेत कारकुनी केली. तरी परवा अंधारात अंगठा हलायला लागला, तोच ठेका. ताई आता म्हाताऱ्या झाल्यात, पण कान तसेच. बाहेरून म्हणाल्या, "वडिलांवर गेलात की!"

मला वडिलांची फार आठवण आली. डोळे भरले, ठिपके दिसेनात. ताईंनी मशिन थांबवलं, आत आल्या आणि माझा रिकामा हात धरून बसल्या.