मेमने मोजून दिलेली नाणी

जुलैचा शेवटचा शनिवार. सकाळी सात वाजता टोरोंटोच्या स्कारबरो भागातून निघालो. गाडीत दोघेच: मी आणि आमच्या कारखान्यातला सुतार एलाय. पेट्रोल चौसष्ट डॉलरचं, माझ्या खर्चाने.

एलायचा जन्म आमिश समाजातला. तिथे घरात वीज नाही, दारात मोटार नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेऊन हे नियम पाळायचा शब्द दिला होता. तो मोडून आठ वर्षांपूर्वी टोरोंटोला आला, म्हणून समाजाने त्याला वाळीत टाकलं. या हिवाळ्यात वडील गेले. आता आईला एकदा भेटायचं होतं. ती दारात तरी उभं करील का, त्यालाही ठाऊक नव्हतं.

लंडन नावाचं इथलं शहर मागे पडल्यावर मक्याची शेतं लागली. रस्त्याच्या कडेने घोडागाड्या चालल्या होत्या. मी वेग चाळीसवर आणला.

"अजून हळू," एलाय म्हणाला.

घरापुढे पाटी होती: अंडी, जॅम, रविवारी विक्री नाही. त्याची मेम (आई) ओसरीवर वाटाणे सोलत होती. त्याला पाहून तिचे हात थांबले.

"बारीक झालास."

"तूही, मेम."

"माझं वय झालं. तुझं काय? चल, जेवून घ्या."

वाळीत टाकलेल्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही, असा नियम. एलायसाठी वेगळं छोटं टेबल होतं. मेमने ते आमच्या टेबलाजवळ ओढलं आणि दोन्हींवर मिळून एकच कापड अंथरलं. बटाट्यांचं भांडं सरकवताना कापडाखालची फट हाताला लागली. चार बोटांची असेल. बायकोने दिलेले बेसनाचे लाडू मी पुढे केले. "साखर भारी झालीय," मेम म्हणाली आणि दुसरा उचलला.

निघताना एलायने जॅमच्या दोन बाटल्या आणि तीन डझन अंडी घेतली. बावीस डॉलर झाले. त्याने विसाच्या दोन नोटा पुढे केल्या. मेमचे हात एप्रनमध्येच राहिले.

"तुझ्या हातून मला काही घेता येत नाही."

"माहीत आहे." त्याने नोटा मला दिल्या, मी मेमला दिल्या.

"द्यायला मात्र बंदी नाही," ती म्हणाली.

पैशांच्या डब्यात वरच दहाची नोट होती. ती बाजूला सारून मेम दोन-दोन डॉलरची नाणी वेचू लागली. एकेक त्याच्या तळव्यावर ठेवायची. पाचव्या नाण्यानंतर थांबली.

"किती झाले?"

"मोजले नाहीत, मेम."

मग तिने तळव्यावरचं प्रत्येक नाणं बोटाने दाबत पहिल्यापासून मोजलं आणि उरलेली चार ठेवली. एलाय हात तसाच धरून उभा होता.

परतताना मला नाशिकची माझी आई आठवत होती. तिला दर महिन्याला पैसे जातात, बँकेतून. तिच्या हातात काही ठेवल्याला साडेतीन वर्षं झाली, आणि मला तर कुणी वाळीत टाकलेलं नाही.

दिले ते असे: चाळीस डॉलर, माझ्या हातून मेमला. सुटे अठरा, मेमच्या हातून एलायला.