दूध तापेपर्यंत

तंद्रीभाऊंचं खरं नाव आता फक्त त्यांच्या सासुरवाडीला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते तंद्रीभाऊ, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवलं होतं. धंदा विजेच्या शेगड्या, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. पण कुणाच्या घरी गेले, की यंत्र चालू करून त्याच्यासमोर बसत आणि बसूनच राहत. गिऱ्हाइकाला वाटे, यांचा डोळा लागला. खरं तर लागलेलाही असे, पण अर्धाच. बायको म्हणायची, "कामाला जाता की झोपायला, ते एकदा सांगून टाका. म्हणजे डब्याबरोबर उशी देत जाईन." यावर ते गोड हसत आणि डबा तेवढा उचलून निघत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्र पार बंद पडलं, तर तो बिघाड कुणीही शोधेल. पण काही बिघाड लाजरे असतात. चारचौघांत तोंड दाखवत नाहीत, पाहुणा उठून गेला की हळूच बाहेर येतात. त्यांच्यासाठी घाई करून भागत नाही, घरातलंच एक होऊन बसावं लागतं. म्हणून ते प्रत्येकाला सांगत, "मी इथे नाहीच असं समजा आणि रोजच्यासारखं करा."

त्या दुपारी त्यांना बोलावलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी. काकू उंच, सडसडीत, केस पांढरेशुभ्र. बाहेरच्या खोलीत दोरीने बांधलेले खोके रचून ठेवले होते आणि तसबिरी उतरवलेल्या भिंतीवर फिकट चौकोन उरले होते.

"रविवारी लेक न्यायला येतेय," काकू म्हणाल्या. "कायमची जाणार मी तिच्याकडे. ही इंडक्शनची शेगडी खालच्या मजल्यावरच्या मुलीला द्यायची आहे, नवा संसार आहे तिचा. देण्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या. उगीच कुणाच्या गळ्यात बिघडलेली वस्तू नको."

"बिघडलीय का?"

"छे हो! शेगडी ठणठणीत आहे. बिघडलंय ते हे." त्यांनी बोट स्वतःच्या कपाळावर ठेवलं आणि हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही.

तंद्रीभाऊ पेटी उघडेपर्यंत काकूंनी सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाशी बोलणं कधीकधी सोपं जातं. त्या दूध तापत ठेवत, बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला जात, आणि परत येऊन बघावं तर शेगडी बंद, दूध कोमट. कधी भात अर्धा कच्चा. घरात दुसरं कुणीच नाही. म्हणजे शेगडी बंद केली ती त्यांनीच.

"आणि मला ते आठवत नाही," काकू म्हणाल्या. "चालू केलेलं आठवतं, अगदी बोटाखाली बटण लागलेलं आठवतं. बंद केलेलं काही केल्या आठवत नाही. मग वाटतं, आणखी काय काय करत असेन मी, आणि आठवत नसेल?"

लेक सुट्टी काढून आली होती. गुणाची मुलगी, आधी शेगडीवरच संशय घेतला तिने. पेलाभर पाणी ठेवलं, ते बघता बघता उकळलं. शेगडी काही वाकडी वागली नाही. लेकीचा चेहरा उतरला. आज बंद केलेलं आठवत नाही, उद्या चालू ठेवलेलं आठवणार नाही, मग एकटीला कसं ठेवायचं? तिचंही काही चुकत नव्हतं. काकूंनी हो म्हटलं आणि खोके आणवले.

तंद्रीभाऊंनी शेगडीची काच काढली. खाली तांब्याचं वेटोळं, आणि त्याच्या मधोमध हरभऱ्याएवढा सेन्सर. भांडं किती तापलंय ते तो शेगडीला सांगत राहतो. त्याने सांगणं थांबवलं, की शेगडी घाबरून स्वतःला बंद करून घेते. त्यांनी मीटर लावून पाहिलं. आकडा हवा तसाच होता. वायर हलवून पाहिली, तरी आकडा जागचा हलला नाही.

"काही दोष दिसत नाही," ते म्हणाले.

"सांगितलं ना तुम्हाला," काकू हळूच म्हणाल्या. मनातून त्या काहीतरी वेगळं ऐकायला बसल्या होत्या, हे तंद्रीभाऊंच्या तेव्हा लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. खोटं सांगता आलं असतं. पण खोटं सांगून शेगडी दुरुस्त होत नाही आणि माणूसही नाही. त्यांनी काच परत बसवली आणि पेटी बाजूला सरकवली.

"काकू, दूध आहे घरात?"

"आहे की. चहा करू?"

"चहा नको. मी इथे नाहीच असं समजा, आणि रोजच्यासारखं दूध तापवा."

काकूंनी पातेलं ठेवलं, मंद आच लावली आणि झारी घेऊन बाल्कनीत गेल्या. शेगडीतला छोटा पंखा घूं घूं करू लागला. खिडकीचा पडदा फुगून आत येई, पुन्हा मागे जाई. ओट्यावर उन्हाचा एक तुकडा पसरला होता आणि त्यात पातेल्याची सावली मजेत बसली होती. तंद्रीभाऊ स्टुलावर भिंतीला टेकून बसले. डोळे मिटले की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या आवाजातून एक खोली हळूहळू उघडत गेली. गार फरशी, शाळेला सुट्टी, फरशीवर गाल टेकून पडलेले ते स्वतः, आणि शेजारी आईचं शिवणयंत्र. निळं कापड सुईखालून वाहत होतं, थांबतच नव्हतं. ते फरशीवर आलं, त्यांच्या पायांवरून गेलं, उंबऱ्याबाहेर पडून अंगणभर पसरलं. आई काही बोलत नव्हती. बोलायची गरजही नव्हती, यंत्र चालू आहे तोवर ती तिथेच होती. किती छान दुपार, त्यांना वाटलं, ही संपूच नये.

आणि आई थांबली. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

तंद्रीभाऊंनी खाडकन डोळे उघडले. घूं घूं थांबली होती. शेगडीवर एक लाल अक्षर लुकलुकलं, बारीक टीं टीं झाली, आणि आकड्यांची पाटी काळी पडली. बाल्कनीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

जरा वेळाने काकू आत आल्या. पातेल्याला बोट लावलं, शेगडीकडे पाहिलं, आणि आहेत तिथेच उभ्या राहिल्या.

"बघा. पुन्हा बंद केली मी." त्यांचा आवाज चोरट्यासारखा झाला होता. "मी आत कधी आले होते हो, भाऊ?"

"काकू, तुम्ही आलाच नाहीत."

"नीट आठवून सांगा. तुमचा जरा डोळा लागला असेल."

"डोळा लागला होता, कान उघडे होते. तुम्ही झाडांपाशीच होतात. शेगडी आपली आपण बंद झाली."

तंद्रीभाऊंनी काच पुन्हा काढली, सेन्सरला मीटर लावलं आणि तारा जोडायची सोल्डरिंग गन तापवून जवळ धरली. आकडा उतरत उतरत गेला आणि एकाएकी गायब झाला. गन दूर केली, सेन्सर निवला, आकडा परत आला. सेन्सरच्या तारेला केसाएवढी चीर होती. गार असताना तिची टोकं टेकलेली असत, बराच वेळ ऊब लागली की सुटत. पेलाभर पाणी उकळेपर्यंत ती कशी सुटणार?

"परत दाखवा," काकू म्हणाल्या.

त्यांनी परत दाखवलं.

"परत."

आकडा गेला की काकू मान डोलवत, आला की श्वास सोडत. कितीदा दाखवलं, याचा हिशेब दोघांनीही ठेवला नाही. शेवटी तंद्रीभाऊंनी नवा सेन्सर जोडला आणि दूध पुन्हा ठेवलं. या वेळी काकू जागच्या हलल्या नाहीत. दूध फुगून वर आलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. तंद्रीभाऊ स्क्रू पिळण्यात गढल्याचं सोंग करत राहिले. पलीकडून लेकीचा आवाज आला, "अगं आई, खरंच? जीव भांड्यात पडला बघ माझा!"

"हो ना. माझा मात्र इतके दिवस टांगलेलाच होता," काकू म्हणाल्या. "गोळ्या घेतल्यास का, झोप लागली का, आज वार कोणता, सगळं विचारलंस तू मला. पण माझ्या शेजारी बसून एकदा दूध तापताना कुणी पाहिलं नाही गं. मीसुद्धा नाही. तुझ्यासारखीच मीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही."

मग लेक रडवेल्या आवाजात काहीतरी म्हणाली.

"रागावले आहे, अगदी खूप रागावले आहे," काकू म्हणाल्या. "पण रविवारी ये तू. एवढे खोके सोडून सगळं परत जागेवर मी एकटीने कसं लावू?"