मामायची कादंबरी आन मांडीवरची वकीलीणबाई

माझ्या मामेसासऱ्यायनं जेवढे माणसं मारले, तेवढे साऱ्या जालना जिल्ह्यात कुणी मारले नसतील, आन तरीबी त्यायच्यावर एक केस झाली न्हाई, कारण त्यायचं सारं मारणं कागदावर. हे म्हंजे माझ्या सासूचे धाकले भाऊ. वडीगोद्रीला रोडच्या कडंला त्यायची पिठाची गिरणी, गिरणीच्या मागं त्यायचं घर, आन त्याच्या भिंतीला भिंत लागून आमचं. गिरणी निस्ती पोटापुरती, खरे ते कादंबरीवाले. मी लगीन होऊन आले तव्हा कादंबरी चालूच व्हती, माझी पोरगी झाली तव्हाबी चालूच व्हती, आन ज्याच्यासंगं मामायचं भांडण झालं तो माणूस दुसऱ्याच दिवशी कादंबरीत जायचा आन त्याला साप चावायचा. एकडाव एका जणानं रांग मोडून आपलं दळण आधी टाकलं, तर त्याच्या नावाचा सावकार मामायनं बैलाच्या पायाखाली दिला. हे गावात कळलं, मंग लोक गिरणीत लई गोड बोलायला लागले. एक जण तर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्ता, म्हणला, "मामा, मला बिलकुल मारू नका. वाटलं तर पाय मोडा, पण लगीन लावून द्या." मामायनं शेंगा ठेवून घेतल्या आन त्याचं लगीन बराबर लावून दिलं, पाय न मोडता.

त्यायला लिहायला गिरणीचा पट्टा फिरताना लागायचा. लाईट गेली की पेन बंद. लोक म्हणायचे लाईट न्हाई म्हणून दळण न्हाई, मामा म्हणायचे लाईट न्हाई म्हणून रुक्मा तशीच मांडवात उभी हाय. रुक्मा म्हंजे कादंबरीतली बाई. तिच्यासाठी ते सोताच रडायचे, आन तोंडावर पीठ असायचं, तर गालावर अशी कणिक मळल्यावानी व्हायची. तिचं लगीन लिहिता लिहिता तर त्यायनं एका घरचे गहू मिरचीच्या चक्कीत टाकले. त्या घरचे सारे पोळ्या खाऊन डोळे पुसत आले. आमच्या मामी दारातून म्हणल्या, "चला, तुमच्या लिवण्यानं न्हाई तर पोळीनं तरी कुणी रडलं."

मामी काही वाचू देत नव्हत्या, म्हणून मामा दिवस कलला की आमच्या ओसरीवर यायचे. सासूबाई भाऊ आला म्हणून बसायच्या आन पयल्याच पानाला घोरायच्या. राह्यले मी. मी सातवीपसतोर शिकलेली, म्हणून मामायला वाटायचं घरात शिकलेलं माणूस हाय. पण मामेसासऱ्यासमोर सुनंनं बोलायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत. मी दाराच्या आड पदर घेऊन बसायची, मांडीवर पोरगी, आन काही सांगायचं असलं की पोरीला सांगायची. मामा बी मला काही इचारायचे न्हाईत, पोरीला इचारायचे. "काय वकीलीणबाई, काय म्हणणं हाय तुमच्या मायचं?"

मी पोरीच्या कानाजवळ म्हणायची, "सांग गं आजोबाला, बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी शेतात खुरपायला धाडत न्हाईत."

"बराबर हाय," मामा म्हणायचे आन खोडायचे. "वकीलीणबाई, मंग कव्हा धाडू?"

"सांग गं, सव्वा महिन्यानं. आन पोट बांधल्याबिगर न्हाई."

पोरगी दोघायच्या मधी बघून तोंडात मूठ घालायची. आसं तिनं न बोलता लई खोडून घेतलं. मला तर पालीचं भ्या, इजंचं भ्या, सासूबाई खोकलल्या तरी भ्या, पण पोरीच्या तोंडानं मी मामायला लई काही सुनावलं.

कादंबरीचा शेवट मामायनं मोठ्या हौसंनं केल्ता. नवऱ्यानं हाकललेली रुक्मा लेकरू घेऊन निघती आन रोडच्या कडंला सोताची पिठाची गिरणी टाकती. ते बाड घेऊन मामा औरंगाबादला गेले, एका पुस्तकं छापणाऱ्याकडं. आले ते पेढे घेऊनच. तो म्हणला व्हता, दिवाळीच्या आत छापतो, पण शेवट बदला. गिरणी टाकणाऱ्या बाईचं पुस्तक कोण घेईन? बाई मेली पायजे. मेली की बाया रडत्यात, रडल्या की पुस्तक खपतं.

"आपल्याला काय अवघड हाय?" मामा म्हणले. "आजपसतोर काय कमी मारले का?" आख्खी उमर त्यायनं एवढ्याचीच वाट पाह्यली व्हती, की आपलं नाव छापून यावं. मामीनं बी त्या दिवशी पेढा खाल्ला, टोमणा मारला न्हाई.

मंग त्यायनं नवा शेवट आणला. वाचायला लागले. रुक्मा लेकराला काखंत घेऊन विहिरीच्या काठावर आली. आत पाणी काळं. आमच्याकडं एखादी सून दिसंना झाली की लोक आधी विहिरीत डोकावत्यात, तेच मला दिसून राह्यलं व्हतं. मी पोरीला म्हणले, "सांग गं, सांग आजोबाला..." तर पोरगी गाढ झोपली व्हती. मी हलवली, उठंना. आन मामा तर वाचतच राह्यले, रुक्मानं एक पाय उचलला, आन माझ्या तोंडातून निघूनच गेलं.

"मामा, नका!"

मामा थांबले. सासूबाई जाग्या झाल्या.

"मामा, लेकरू काखंत हाय तिच्या. त्याला पाजलं का तिनं? त्याची कुंची कुठं हाय? तुम्ही म्हणता ती भेलेली हाय म्हणून उडी मारती. मामा, मी भेते, मला इचारा, मी रोज भेते. भेलेली बाई लेकरू घेऊन विहिरीपसून मागं सरकती. मागं सरकन ती मामा, मागं!"

"आगं पदर!" सासूबाई ओरडल्या. पदर कुठं गेल्ता मला काय माहीत.

मामायनं पोरीकडं न्हाई, पयल्यांदा माझ्याकडं पाह्यलं. हळूच म्हणले, "मागं सरकून मंग जाईन कुठं, पोरी? गिरणी तर त्या छापणाऱ्याला चालत न्हाई."

"मला काय माहीत? मी अंबडच्या पुढं कव्हा गेले?"

मामायनं तिथंच ओसरीवर त्या पानाच्या खालच्या साऱ्या वळी खोडल्या. रुक्मानं उचललेला पाय मागं ठेवला, एवढंच लिहिलं, आन कागद तसेच औरंगाबादला धाडले. ते वापस आले. मामी म्हणल्या, "बाई वाचली, पुस्तक मेलं," आन चहा टाकायला गेल्या, आन चहा काही जल्दी बाहीर आला न्हाई.

मामा माझ्यावर कव्हा चिडले न्हाईत. उलट रोज ओसरीवर यायचे, कागद न घेता, आन मलाच इचारायचे, "काय गं, सुचलं का काही? पुढं कुठं जाईन?" मी आता त्यायच्यासंगं बोलायची, सासूबाई बी काही म्हणत नव्हत्या, पण मला सांगता यायचं न्हाई. मामा म्हणायचे, "नसू दे. उभी राहू दे. जिती तर हाय." गिरणीत पट्टा फिरायचा आन ते हातावर हात ठेवून बसायचे. लोकायला वाटलं मामा सुधरले. मला मात्र गिरणीत जाऊ वाटंना.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेले. गिरणी दुसऱ्यानं घेतली. रुक्मा आता कुणाला ठाव न्हाई, मामीनं कव्हा ऐकली न्हाई, सासूबाई तर झोपतच व्हत्या आन पोरगी ल्हान व्हती. रुक्मा माझ्याच एकलीच्या ध्यानात राह्यली, लेकरू काखंत घेऊन, विहिरीपशी. भाकरी थापता थापता मी तिला थोडं पुढं नेते. काल बाभळीपसतोर नेली. तिथं सावली हाय, बसून लेकराला पाजता येतं.