घरमालकाला काका म्हणण्याची सवय

नाटकातलं मला कळतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. म्हणूनच कॅनडात, एडमंटनच्या आमच्या मराठी मंडळात नेहमीचं विनोदी नाटक बाजूला ठेवून मी एका आयरिश लेखिकेचं नाटक मराठीत केलं. डब्लिनमध्ये भाड्याने राहणाऱ्या तीन मुली आणि त्यांना दाद न देणारा घरमालक, एवढीच गोष्ट. लेखिका तिशीतली, इथल्या विद्यापीठात काही महिने पाहुणी म्हणून आलेली. तालीम बघून मगच परवानगी देईन, म्हणाली. आमची तर तिकिटंही खपली होती. मी म्हटलं, ये की!

पात्रं मी अस्सल निवडली होती. तिघीही कॉलेज सांभाळून अर्धवेळ काम करणाऱ्या. नायिका तर माझ्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची.

तालीम माझ्या दिवाणखान्यात झाली. लेखिकेला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण मांडीवर इंग्रजी संहिता घेऊन ती कान देऊन ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "हे 'काका' कोण? माझ्या नाटकात नाहीत."

मी ऐटीत समजावलं, की वडीलधाऱ्या घरमालकाला आम्ही काकाच म्हणतो.

"मग त्या मुली त्याच्याशी भांडणार कशा?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात नायिका म्हणाली, "काकू, तिचं बरोबर आहे. तुम्हालाही आम्ही काकूच म्हणतो ना. म्हणून तर खाली आख्खी विंटर हीटिंग नीट वर्क करत नाहीये, तरी कम्प्लेन नाही केली." आणि हेच तिने पाहुणीला इंग्रजीतही सांगितलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर उणे तीस होतं, आणि मी महिनोन्‌महिने खाली उतरलेच नव्हते.

पण दिग्दर्शिका मी होते. पेन काढलं आणि संहितेतले सगळे 'काका' खोडले. घरमालक झालेला नट त्या दिवशी आला नव्हता, त्याची वाक्यं मी बसूनच वाचली होती; आता त्याच्या जागी मीच उभी राहिले. "घे पुन्हा," मी नायिकेला म्हटलं.

"हीटिंग बंद आहे. आजच्या आज नीट करून द्या."

तिचा आवाज कापला. मी परत घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा तिने माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं, आणि आवाज कापला नाही. लेखिकेने संहिता मिटली. "करा प्रयोग," म्हणाली.

मंडळाला फोन मी नंतर केला. आधी हीटिंग दुरुस्त करणाऱ्या फर्नेसवाल्याला केला.