स्टेअरिंगमधला दुधी

मंगळवारी सकाळी सातला जबलपूर स्टेशनवर उतरलो. काम एकच होते: रांझीतला जुना ट्रॅक्टर पाहून घेणे आणि गुरुवारच्या मालगाडीवर चढवणे. पासष्टचे युद्ध थांबून तीन आठवडे झाले होते, तरी मालगाडीचा उघडा डबा मिळणे कठीण होते. हा हुकला तर महिनाभर दुसरा नव्हता. ट्रॅक्टर मिळणारच, म्हणून वर्ध्याकडे माझ्या धाकट्या भावाने बैलजोडी आधीच विकली होती. सल्ला माझा होता. शेतातली ओल रोज कमी होत होती.

रांझीची बस कारखान्याच्या कामगारांनी भरलेली होती. ट्रॅक्टरचे मालक मधुकरराव तिथेच फिटर. क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी मला एका हिरव्या ढिगासमोर उभे केले.

"हा पहा."

दिसत होता तो दुधीचा वेल. लढाईत विमानातून काही दिसू नये म्हणून मोठ्या वस्तू झाकायचे गल्लीने ठरवले होते. मधुकररावांनी अंगणातलाच वेल ट्रॅक्टरवर चढवला. पाने सारून मी इंजिन पाहिले. विलायती, रॉकेलवर चालणारे, हँडल मारून सुरू होणारे. पितळी नळ्या लखलखत होत्या.

"आठ वर्षं घासून राहिलो," ते म्हणाले. "गल्लीबाहेर नाही नेला. आता गुडघे गेले, हँडल मारवत नाही."

सौदा दहा मिनिटांत झाला. मग त्यांच्या पत्नी कुसुमताई बाहेर आल्या.

"न्या, भाऊजी. पण वेल तोडायचा नाही."

"बाजूला उचलून ठेवू, वहिनी."

"आणि हा?"

एक दुधी स्टेअरिंगच्या दांड्यांमधून खाली उतरून वरखाली दोन्हीकडे फुगला होता. तो बियाण्याला राखलेला. बियाण्याचा दुधी वेलावरच वाळावा लागतो.

"किती दिवस?"

"दीड महिना. माझ्या आईकडचं बी आहे. यंदा एवढाच धरलाय."

जेवायला दुधीची भाजी, दुधीचे थालीपीठ आणि दुधीचा हलवा होता. "कारखान्यात माझ्या डब्याला कोणी हात नाही लावत," मधुकरराव हळूच म्हणाले.

बुधवारी पाळी सुटल्यावर शेजारचे तिवारीजी पंधरा कामगारांना घेऊन तपासणीला आले. दुधीचा घेर मोजला. त्याला तेल लावून पाहिले. एकाने स्टेअरिंगची दांडी कापायचे सुचवले.

"काहून? विलायती आहे ते!" मधुकरराव ओरडले.

"तो फिर लौकी ही काट दो," दुसरा दुधीकडे बोट दाखवत म्हणाला. कुसुमताईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो घरी गेला.

शेवटी तिवारीजी मला म्हणाले, "देखिए भैया, हल तो ट्रैक्टर खींचेगा. स्टीयरिंग थोड़े ही खींचेगा."

नांगर ओढायला स्टेअरिंग लागत नाही, हे सगळ्यांना पटले आणि मधला नट सोडवला. स्टेअरिंग निघाले आणि दुधीसकट वेलाला लटकले. कुसुमताईंनी ते सुतळीने खिडकीच्या गजाला बांधले; दुधी वाळला की स्टेअरिंग पार्सलने पाठवायचे ठरले. कामगारांनी बांबूंवर वेल छतासारखा उचलून धरला आणि ट्रॅक्टर खालून ढकलत काढला. सातव्या हँडलला इंजिन लागले. मधुकररावांनी बाहीने बॉनेट पुसले.

"चिखलात नेऊ नका."

"शेतात नेतोय."

"माहीत आहे. तरी म्हटलं."

गुरुवारी स्टेअरिंग काढून उरलेल्या उभ्या दांड्याला मोठा पाईप पाना आवळून तिवारीजींनी ट्रॅक्टर स्टेशनपर्यंत आणला. शनिवारी वर्ध्याला भावाने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"दादा, स्टेअरिंग कुठी हाय?"

"जबलपूरला. वाळून राहिलं."

त्याने पाना दोन्हीकडे फिरवून पाहिला. मग त्याने हँडल मारले.

वस्तू पाहिल्याशिवाय बैल विकू नयेत, हा या प्रवासाचा धडा. तरी ओल होती तोवर हरभरा पेरून झाला. पान्याने वळवल्यामुळे पेरणीचे तास सगळे उजवीकडे झुकलेले आहेत. रस्त्याने जाणारे थांबून विचारतात. दुधी वाळेपर्यंत असंच, भाऊ सांगतो.