कानाजवळचा फटकारा

सामरवरणीच्या रस्त्याला एका कुंभाराची पत्र्याची शेड आहे. तिथं तो स्टोनवेअरचे कप घडवतो, दगडासारखे टणक. रविवारी माझी तिकडे चक्कर असते. मी नरोलीच्या कारखान्यात माल तपासतो, त्यामुळे माझी नजर आधी खोटच शोधते.

भट्टीत घालण्यापूर्वी तो कपांवर तपकिरी रंगानं बांबूची पानं काढतो. गिऱ्हाईक आलं की पानांबाहेर गेलेला एक फटकारा दाखवून ओशाळतो, "इथं जरा हात हालला, साहेब." गिऱ्हाईक विरघळतं आणि नेमका तोच कप घेतं.

एकदा मी फळीवरचे सगळे कप फिरवून पाहिले. प्रत्येकाच्या कानाजवळ, त्याच जागी, हात हाललेला.

"दर वेळी इथंच कसा काय हालतो?"

तो अजिबात गडबडला नाही. "चुकी नाही दिसली तर लोकं मशीनचा माल म्हणतात, साहेब. मंग मीच टाकतो."

निघताना त्यानं आतून एक कप आणून माझ्या हातात ठेवला. "हा घ्या. याच्यात काही नाही टाकलं."

घरी खिडकीशी धरून पाहिला. खरंच, कुठंही खोट नाही. आता रोज त्यातून चहा पिताना वाटतं, हा त्यानं नक्की बाजारातून आणलाय.